नाकाशेजारची घडी

अकराच्या फेरीने डॉक्टर बियर्ता उतरतात,
महिन्यातून एकदा, फेरोच्या या शेवटल्या बेटावर.
आज बाकावर तीन लाल चेहरे.
तिघांनी लावलेलं मलम एक. ट्यूबही एकच,
घरोघर फिरून, कात्रीने चिरून, आतून निपटलेली.
आधीच सांगून टाकते, ती मीच दिली होती.

होग्नी. पस्तीस वर्षं बोटीवर.
नाक जाडावलेलं, गालांवर शिरांचं जाळं.
पितो, म्हणतं गाव.
तो दारूच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही,
पण गरम सूपाने पेटतो, थंडीने पेटतो,
कुणी टक लावून पाहिलं की सगळ्यात जास्त.
रोझेशिया, म्हणाल्या डॉक्टर. जेल लिहून दिलं,
मग दार उघडून, गरज नसताना मोठ्याने:
"दारूचा काही संबंध नाही!"
बाकावरच्या माना खाली.

सुन्वाच्या तोंडाभोवती पुरळ,
ओठांच्या कडेने मात्र एक बारीक रेघ सुटलेली.
"मलम बंद. सगळंच बंद.
आधी वाढेल. वाढलं की घाबरून पुन्हा लावशील,
म्हणून आत्ताच सांगते."
सुन्वाने माझ्याकडे पाहिलं.
मी कापसाचे बोळे मोजत होते.

मार्यून शाळेत विणकाम शिकवते.
लाली गालांवर, नाकाच्या दांड्यावरून पलीकडे.
तिच्या भावालाही असंच होतं, भुवयांत कोंडा,
शॅम्पूने गेलं. मला वाटलं, तेच.
डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला,
नाकाशेजारून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या
घडीवर बोट ठेवलं. "इथे बघ.
भावाचं असतं तर इथेच साचलं असतं,
तेलकट, पिवळट. ही कोरी आहे."

खरंच कोरी.
कड्याच्या टोकाशी मेंढरं थबकावीत
तशी लाली दोन्हीकडून येऊन थांबलेली.
चार महिने मी तो चेहरा पाहत होते,
लाल तेवढं पाहिलं.

"सकाळी बोटं आखडतात?"
मार्यूनने हात स्वेटरच्या बाह्यांत ओढले.
"विणून विणून होतं ते."
"आणि उन्हात गेल्यावर?"
ती बोलली नाही.
लघवीची बाटली दिली. रक्ताच्या नळ्या
चारच्या फेरीने डॉक्टरांसोबत गेल्या.

"मग मलम कोणतं लावू?" मार्यूनने मला विचारलं,
अंगात कोट घालता घालता.
मी म्हटलं, थांब जरा. रक्त काय म्हणतं बघू.
नोंदवहीत तीन ओळींपुढे माझ्याच अक्षरात
"चेहऱ्यावर लाली".
दोन खोडल्या.
तिसरीपुढे काय लिहायचं ते अजून आलेलं नाही.