पुरणयंत्राची जाळी

हॅलिफॅक्समध्ये आमची गल्ली इतकी उभी
की दारात ठेवलेला बटाटा थेट कालव्यात जाऊन थांबेल.
वरच्या टोकाला हेबलथ्वेटचं गॅरेज.
गाडी बाहेर भिजते. आत गिटारी राहतात.

एक फावड्याची आहे. तारा तीन, पात्याला अजून माती.
"धुतली तर आवाजही धुऊन जाईल," म्हणतो.
एक क्रिकेटच्या बॅटची:
कुठल्याशा अकराव्या गड्याची बॅट,
अख्ख्या हंगामात सात धावा केलेली,
आता उतारवयात ब्लूज गाते.
एक संडासाच्या सीटची.
तिच्याबद्दल मी काही विचारलं नाही.

एका गिटारीच्या डोक्यात सहा बारीक मोटरी आहेत,
ती आपला सूर आपणच लावते.
पण कोपऱ्यातला फ्रिज सुरू झाला
की बिचारी फ्रिजशी जुळवून घ्यायला बघते,
आणि फ्रिज जी आणि जी शार्पच्या मध्ये कुठेतरी गुणगुणत असतो.
मोटरी पुढे, मोटरी मागे, कुर्र कुर्र,
लग्न नुकतंच झालेल्या माणसासारखी.

टोस्टर ॲम्प्लिफायरसारखा दिसतो.
बटण "क्लीन"वर ठेवलं तर पाव नुसता कोमट,
"ड्राइव्ह"वर ठेवलं तर कोळसा.
मधलं काही नाही.

आणि एक पंच, स्टेपलरएवढा,
मुदत संपलेल्या कार्डातून नखी कापणारा.
माझी कंपनी बंद पडली त्या आठवड्यात
मी गळ्यातलं ओळखपत्रच त्याला दिलं.
खट् खट् खट्.
तीन नख्या निघाल्या. एकीवर माझी अर्धी नाकपुडी,
अजून चमकी दिसते.
तिनेच तो सगळ्यात जास्त वाजवतो, मिसेस टॅम म्हणतो मला,
तांबवेकर त्याच्या तोंडात मावत नाही.

फेब्रुवारीत त्याचं घोडं अडलं.
बिस्किटांच्या डब्याची गिटार, पोटात ॲल्युमिनियमचा शंकू,
आणि शंकूवर झाकायला भोकांची तबकडी मिळेना.
सहा इंची. पातळ. घंटेसारखी वाजणारी.
चहाची गाळणी झाली, शॉवरचं तोंड झालं,
स्पीकरची जाळी झाली. "मेलेला आवाज," म्हणाला, "मटारासारखा."

मी घरी आले. माळ्यावरून पुरणयंत्र काढलं,
रुखवतातलं, विमानात बारा किलोंच्या हिशेबात आणलेलं,
बावीस वर्षांत चारदा वापरलेलं.
जाळी सोडवली. बोटाने टिचकी मारली.
स्वयंपाकघरात जरा वेळ काही हललं नाही.

बसली. मिलिमीटरही घासावी लागली नाही.
तो काही बोलला नाही, नुसता नाक पुसत राहिला,
थंडी होती म्हणा.
मग माझ्या नाकपुडीने पहिला सूर काढला
आणि समोरच्या छपरावरची कबुतरं उठून परत बसली.

सगळं ठीक होतं. मग होळी आली,
आणि मला, चार वर्षं रेडीमेड खाणारीला, हट्ट सुचला.
हरभऱ्याची डाळ शिजत टाकून मी चढ चढले.
"जाळी पाहिजे," म्हटलं. "एका दिवसापुरती."
त्याने आठ स्क्रू काढले, एकेक बशीत ठेवत,
डॉक्टरसारखा, आणि विचारलं,
"दुखेल का तिला?"

पुरण छान झालं. जायफळ जरा जास्त.
संध्याकाळी जाळी गरम पाण्याने धुऊन, पुसून,
सोबत दोन पोळ्या फॉइलमध्ये घेऊन परत गेले.
पोळ्या त्याने उभ्यानेच खाल्ल्या. तूप दाढीत.
मग आठ स्क्रू.

जी ची तार छेडली तेव्हा आत काहीतरी झणझणलं,
माशी अडकावी तसं.
विजेरी धरली, भिंग धरलं:
कडेच्या एका भोकात डाळीचा एक कण, वाळलेला, सोनेरी.
मी लाजले. केसातली पिन पुढे केली.
"हात लावू नका," हेबलथ्वेट म्हणाला.

मोटरवाली गिटार तेव्हापासून फ्रिजचं ऐकत नाही.
कुर्र कुर्र करत
त्या कणाशी सूर जुळवत बसते.