मुशीला रकाना नाही

हिडकल धरणावर, सोसायटीच्या पत्र्याखाली
सतरा वर्षं मी काटा सांभाळतो.
वहीत रकाने आहेत: कटला, रोहू, मरळ, वाम,
चिलापीलासुद्धा, जिला कुत्रं विचारत नाही.
मुशीला नाही.

मुशी समुद्रातली, एवढं मलाही कळतं.
समुद्र इथून घाटाखाली, लाल बसनं दिवसभराचा.
पण कारवारची आवडू हरिकंत्रीण
सुके बांगडे घेऊन यायची बाजाराला.
तिनं भीमशीचं फाटकं जाळं मांडीवर घेतलं,
भोकाच्या कडेनं बोट फिरवलं
आणि म्हणाली, मुशीच ही. दुसरी कोण?
तेव्हापासून मुशी.
पलीकडच्या काठावर तिला निराळं नाव आहे;
तिथले अंबी ते पाण्यावर असताना घेत नाहीत.

धरली कुणीच नाही.
पाहिली सगळ्यांनी,
आणि कुणालाच मुशीसारखी दिसली नाही.
सत्याप्पाला म्हैस दिसली, शिंगांपर्यंत बुडालेली.
हाक मारली तर मान वळवली तिनं,
आणि डोळ्यांना पापण्या नव्हत्या.
बाळगौडानं ओंडका समजून होडी बांधली,
बिडी पेटवली.
बिडी संपली तेव्हा तो तीन मैल वर होता,
दोर कोरडा, गाठ तशीच.

"मग जाळं का टाकलं नाहीत?"
"कशावर टाकायचं बे?" सत्याप्पा म्हणाला, "म्हशीवर?"

लगमाण्णाचं गाव या पाण्याखाली.
वैशाखात चौथरे उघडे पडले
की तो आपल्या चौथऱ्यावर जाऊन डबा खातो,
हात धुतो, परत येतो. बोलत नाही.
एका पहाटे त्यानं पोतं आणलं.
दोघांनी धरून पारड्यात ठेवलं.
एक्केचाळीस किलो.
"काय आहे?"
"आधी लिही."
लिहिलं.
मग त्यानं सुतळी सोडली.

पाणी होतं.
क्षणभर ते पोत्याच्या आकारात तसंच बसून राहिलं,
बाजूला कल्ल्यांच्या पाच चिरा, उघडझाप करणाऱ्या,
मग त्याला आठवलं आपण पाणी आहोत,
आणि ते फरशीवरून, माझ्या चपलांखालून
मोरीकडं गेलं.

लगमाण्णा बघत राहिला.
"जाळ्यात आली तेव्हा उंबरा होती," तो म्हणाला.
"आमचा. आईनं ठोकलेला नाल होता की त्याला.
पोत्यात घातली, तर हलूलालती."

पुढच्या वर्षी जाळं विकून तो निपाणीला
तंबाखूच्या वखारीत लागला.
वहीत ती नोंद आहे अजून:
वजन एक्केचाळीस, दर नाही, जात नाही.
ऑडिटवाल्यानं तिथं प्रश्नचिन्ह काढलंय,
लाल शाईनं, चांगलं ठसठशीत.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
दर अमावास्येला, पारडं रिकामं असताना,
काटा पाव किलो दाखवतो.
वजनमापवाले दोनदा येऊन शिक्का मारून गेले;
त्यांच्यासमोर शून्य.
मी पारडं पुसतो, उन्हात ठेवतो,
आणि मागच्या पानावर पेन्सिलीनं मांडतो: पाव.
तेरा वर्षं झाली.

परवा बेरीज केली.
पावणेएक्केचाळीस.

येत्या अमावास्येला रजा टाकावी का,
अजून ठरत नाही.