सहावा तास

फेब्रुवारीत फॉर्म वाटतात. यंदा पिवळे.
गेल्या साली हिरवे होते, कागद मात्र तोच,
ओल्या हातमोज्यात धरला की लगेच मान टाकणारा.
आठ चौकोन, आठ तास.
ब्रेना लाहतीनं सात भरलेत पेनानं.
सहावा पेन्सिलीनं,
मग खोडून, मग पुन्हा,
इतक्यांदा की तिथं कागदाला लव आलीय.

ती शॉपच्या दारात उभी आहे,
बुटांवरचा बर्फ माझ्या फरशीवर वितळवत.
मी मुखवटा कपाळावर सारतो.
ती का आलीय हे मला माहीत आहे,
मला माहीत आहे हे तिला माहीत आहे,
तरी आधी आम्ही तिच्या भावाच्या ट्रकबद्दल बोलतो,
सायलेन्सरच्या त्या सांध्याबद्दल,
जो तिनंच नोव्हेंबरात जोडला
आणि जो अजून कुरकुरला नाही.

भानगड अशी:
कॅल्क्युलस सहाव्या तासाला,
कारण मिसेस पेट्रिच उरलेला दिवस मिडल स्कूलला असतात.
वेल्डिंगचं दुसरं वर्षही सहाव्याच तासाला,
कारण पलीकडच्या गावची तीन पोरं व्हॅननं येतात
आणि व्हॅन कुणासाठी थांबत नाही.
या गावात वेळेवर होणाऱ्या गोष्टी दोन,
त्याही एकाच वेळी.

समुपदेशक सोबोटा तिला म्हणाला,
इंजिनिअरिंगला जायचंय ना, मग कॅल्क्युलस असलेलं बरं.
हे ‘बरं’ मी एकतीस वर्षं ऐकतोय.
आधी या ‘बरं’नं माझं सुतारकाम नेलं,
मग ड्राफ्टिंगची बारा टेबलं,
जी लिलावात मीच उचलून ट्रकमध्ये चढवली.

वर्ग चालायला दहा नावं लागतात.
माझ्याकडे नऊ आहेत.
हे मी तिला सांगत नाही.
सांगितलं तर ती पेन्सिल फिरवेल,
दुसऱ्याच्या फसलेल्या सांध्यापायी
स्वतःची जेवणाची सुट्टी घालवणारी पोर आहे ती.

बांधायचंय काय तुला, मी विचारतो. पूल?
सगळे पूलच म्हणतात, ती म्हणते. पूल नाही.
गोदीवर सात नंबरची घसरण आहे ना, खनिजाची,
डिसेंबरात ती तुंबते.
दर वेळी त्याच जागी. वर नाही, खाली नाही.
बाबा हातोडा घेऊन जातात, एकदाच ठोकतात, सुटते.
कुठं ठोकायचं ते त्यांना कळतं,
कसं कळतं ते सांगता येत नाही.
मला ते मांडता यायला हवं.
आणखी किती वर्षं चढतील ते शिडी, बर्फात?

बाहेर सरोवर गोठून पांढरं, आवाज बंद.
मी तिच्या बापाला शिकवलंय. हातोडा धरायला, याच ओट्यावर.
का तुंबतं हे तेव्हा
ना त्यानं विचारलं, ना मला सुचलं.

मग कॅल्क्युलस घे, मी म्हणतो.
तुम्ही घेतलं होतं?
मी बीजगणितातच गटांगळ्या खाल्ल्या, पोरी.
ती हसते, आणि फॉर्म पुढे करते:
वेल्डिंग सोडायला माझी सही लागते.
सवयीनं मी कानामागचा खडू काढतो,
पोलादावर रेघ मारायचा, पांढरा,
आणि पिवळ्या कागदावर सही करतो, जी दिसतच नाही.
ती न बोलता आपलं पेन देते.

दारापर्यंत जाऊन वळते.
दहा झाले ना तुमचे?
झाले, मी म्हणतो.

ती माझ्याकडे बघते,
तिरका उजेड धरून सांधा बघते तशी,
वरून गुळगुळीत, पण आत हवा राहिलीय का.
मग टोपी कानावर ओढते
आणि जाते.

फरशीवर तिच्या बुटांची दोन तळी.
पुसायला हवीत, इथं वीज चालते.
मी पुसत नाही एवढ्यात.