सूचना-वही

मे महिन्यातला दुसरा शनिवार, तांडापेठ.
महापालिकेची माध्यमिक शाळा; हॉल नाही म्हणून आठवी ब.
जाळी केव्हाच गेलेल्या टेबल-टेनिसच्या टेबलावर
मी नकाशा अंथरला
आणि कूलरने तो लगेच उचलला.
मग कोपऱ्यांवर खडूंचा डबा, हजेरीपट, गेटचं कुलूप
आणि चौथ्यावर निमजे मास्तरांचा हात.

मी कनिष्ठ अभियंता. वरून आदेश होता :
लोकांचं ऐका, वहीत लिहा, फोटो काढा.
फोटो आधी काढून घेतला.

पहिला तास रंगात गेला.
पिवळा की आकाशी, आणि पाटीवर नाव कुणाचं.
माजी नगरसेवकाच्या भावाला कमान पाहिजे होती,
मोठी, ट्रक जाईल अशी.
शाळेत ट्रक कशाला, हे कुणी विचारलं नाही.
मी लिहिलं : कमान.

गेटसमोर फल्लीदाणे विकणाऱ्या गुणवंताबाई सोनकुसरे
चष्मा वर-खाली करत कागद बघत होत्या.
"साहेब, ह्याच्यात निंब कुठी हाय?"
झाडं नकाशात दाखवत नाहीत, बाई.
"मंग पोट्टे डब्बा कुठी खाऊन रायले,
हे कसं समजन तुमाले?"
मी पेन्सिलने एक गोल काढला.
"लहान काढला."
मोठा काढला. तो प्रयोगशाळेत शिरला.

मागच्या भिंतीचं तर ठरलेलंच होतं :
सात फूट, वर काचा,
आणि तिच्यातलं भोक बुजवायचं,
उशिरा येणारे ज्यातून आत घुसतात.
हेडमास्तरीणबाईंनी मान डोलावली.
तेव्हा शेवटच्या बाकावरून, उभं न राहता,
पॉवरलूमवाले धकाते बोलले :
"काहून येतात उशिरा, पुसा ना एकखेप.
माहा पोट्टा कांड्या भरून येते सकाळी.
बुजवू नका. दार करा त्याले."
खोली हसली. धकाते हसले नाहीत.
अंदाजपत्रकात भोक या नावाची बाब नसते.
मी पान उलटलं.

चहा येऊन गेला, खुर्च्या सरकू लागल्या,
आणि नववीतली एक मुलगी माझ्या वहीपाशी आली.
हर्षाली पराते. ‘र्ष’ नीट लिहा म्हणाली.
"सर, डिजिटल बोर्ड नंतर लावला तरी चालेल.
आधी बाथरूमला आतून कडी पाहिजे."
थांबली.
"आणि जरा खाली.
पाचवीतल्या मुलींचा हात पुरत नाही."

कूलर तेवढा बोलत होता.
आजी-माजी सगळे नकाशाकडे पाहू लागले,
जणू कडी तिथे कुठे काढलेली असेल
आणि आपल्यालाच दिसत नसेल.
एकतीस वर्षं या शाळेत काढलेल्या निमजे मास्तरांनी
डोळे पुसायला म्हणा, घाम पुसायला म्हणा,
हात उचलला.
नकाशा फळ्यावर जाऊन आपटला.

सगळे गेल्यावर मी मागे गेलो.
मुलींची दोन संडासं. पहिल्याला कुलूप.
दुसऱ्याच्या दाराला खिळा, खिळ्याला सुतळी,
सुतळीचं टोक काळं, गुळगुळीत,
कितीतरी वर्षं कुणी ना कुणी मैत्रीण
बाहेर उभी राहून धरत आलेली.
मी आत जाऊन दार ओढलं.
ते उघडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा उघडलं.
एकट्या माणसाकडून हे होणारं नव्हतं.

टेप काढली. जमिनीपासून तीन फूट.
ते वाचायला गुडघ्यावर बसावं लागलं.
वहीत कमानीच्या वर थोडी जागा उरली होती,
समासात, तिरपी.

गेटचं कुलूप टेबलावरच राहिलं होतं,
पण मी त्या बाजूला वळलोच नाही.
भोकातून निघालो. खांदा घासला,
शर्टाला विटेची पूड.
मोजलं नाही; कुठे किती कमी पडतं
ते शर्टावर उमटलं होतं.
पलीकडच्या गल्लीत, चार वाजताच्या उन्हात,
माग चालूच होते.