खाडी चालू आहे

कोर्टाच्या पडवीत माझं टेबल होतं.
वादळात कौलं गेली, टेबल राहिलं.
आता वर निळी ताडपत्री, आणि तिच्याखाली
मी आमदारांचे प्रश्न टाइप करतो,
पानाला वीस रुपये, तातडीचं असेल तर तीस.

प्रश्नाची चाल ठरलेली.
आधी: हे खरे आहे काय.
मग असल्यास, मग नसल्यास,
शेवटी, विलंबाची कारणे काय आहेत.
विलंब नसेल, असं कुणी धरतच नाही.

त्या दिवशी समोर यशोदा गोताड.
मांडीवर पिशवी, पिशवीत तीन वर्षांच्या तारखा.
शिमग्याच्या आदल्या संध्याकाळी
तिचा संदेश तरीवरून पाण्यात गेला.
तेव्हापासून तर किनाऱ्यावर उपडी,
आणि तरीवाला इस्माईल वस्ता आरोपी.
दोघं एकाच बाकावर बसतात, न्यायाधीशाची वाट बघत.
तिला ऊन लागलं की तो जागा बदलतो.
दोघं एकमेकांशी बोलताना मी ऐकलं नाही.

मी लिहिलं:
तांबळखाडी तर तीन वर्षांपासून बंद आहे, हे खरे आहे काय?
खालोखाल न्यायाधीश,
खालोखाल कोर्टाच्या छपराचा निधी.
तीन खाती, एक पान. वीस रुपये आमदारांच्या खात्यावर.

मुंबईत कुणीतरी नीटस माणूस असणार,
लाल पेनाचा, शुद्धलेखनाचा.
त्याला तो 'तर' उगाचचा वाटला.
त्याचं काय चुकलं?
मीही लोकांच्या जबान्यांतले कितीक 'तर' गाळले आहेत,
साहेब मी तर झोपलो होतो, साहेब ती तर माझी बहीण.

अधिवेशन लागलं. मांजरेकरांच्या हॉटेलात
टीव्हीसमोर पंधरावीस माणसं, उसळ थंड होत चाललेली.
आमचा प्रश्न आला, तेव्हा तास संपायला सहा मिनिटं.
परिवहनमंत्री उठले, चष्मा पुसला:
अध्यक्ष महोदय, हे खरे नाही.
तांबळखाडी चालू आहे.
बंद असल्याचा प्रश्न उद्भवत नाही.

मांजरेकरांनी आवाज वाढवला.
विधीमंत्री म्हणाले, अंशतः खरे आहे.
न्यायाधीशांची नेमणूक झाली आहे,
छप्पर नसल्याने ते रुजू झालेले नाहीत.

वित्तमंत्री कागदात बघून म्हणाले, निधी दिला आहे.
पत्रे पैलतीरी पोचले आहेत.
निविदेत वाहतूक जलमार्गे धरली असल्याने
तरीअभावी ते अलीकडे आणता आलेले नाहीत.

हॉटेलात कुणी हसलं नाही.
सभागृहात मात्र मागच्या बाकावरून
एक सदस्य उठला, आमच्या जिल्ह्याचाही नव्हता,
खोकला, आणि विचारलं:
खाडी चालू आहे, तर पत्रे का येत नाहीत?

आला. गाळलेला शब्द परत आला,
होडी म्हणून नव्हे, पण आला.
परिवहनमंत्र्यांनी वित्तमंत्र्यांकडे पाहिलं,
वित्तमंत्र्यांनी पाण्याचा पेला उचलला.
अध्यक्ष म्हणाले, प्रश्नोत्तराचा तास संपलेला आहे.

मग दुधाची जाहिरात.

यशोदाबाई दाराजवळ उभ्या होत्या, पाय पिशवीला टेकवून.
इस्माईल पहिल्यांदाच त्यांना काही बोलला.
म्हणाला, बाय, साडेचारची गाडी आहे, चुकेल.
त्या म्हणाल्या, खाडी चालू हाय म्हणतंत, ता काय खोटा?
आणि निघाल्या. पुलावरून वळसा चाळीस किलोमीटर,
अर्धं तिकीट, खिडकी मिळाली तर बरं.

रात्री ताडपत्रीखाली परत बसलो.
नवा कागद, तोच प्रश्न.
'तर' लिहिलं. त्यापुढे कंसात, होडी.
मग कंस खोडला.
त्यापुढे लिहिलं: जीत माणसं बसतात ती.
एवढं लांब सभागृहात चालत नाही, ठाऊक आहे.

बाहेर सुकती लागली होती.
चिखलात खेकडे, पलीकडच्या जेट्टीवर पत्र्यांचा ढीग
चांदण्यात छपरासारखा.
खाडी, मंत्री म्हणाले तशी,
चालू होती.