आधी पाणी, मग अ‍ॅसिड

आडनाव मुकादम असलं तरी इथं तू हेल्पर, अश्रफ,
आणि मी तुझ्याहून अकरा वर्षांनी जुना हेल्पर.
तेव्हा ऐक. आधी खिडकी.
गुदैबियातल्या या इमारतीत खिडक्या रंगाने चिकटलेल्या,
तळहाताने ठोक, शिव्या घाल, पण उघड.
मग बादलीत पाणी, पाण्यात अ‍ॅसिड.
उलटं ओतलंस तर तोंडावर येतं.
आणि जिथे क्लोरिनची बाटली
तिथे हा पिवळा कॅन नाही. सवती समज.
वीरबहादूरने एकदा दोघींना एका बादलीत नांदवलं,
अजून जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर
बूट बांधायचं निमित्त करून थांबतो.

इथलं पाणी खारं. नळाच्या तोंडाला पांढरी दाढी.
अ‍ॅसिड पडलं की फसफसते, गळून पडते,
तेवढा वेळ मान बाहेर काढून मोजायचं.
मी एस्टीचे थांबे मोजतो,
देव्हाऱ्यापासून बाणकोटपर्यंत.
बाणकोटला पोचलो की ब्रश मारतो.

उंबऱ्याला थेंब नको, तो संगमरवर आहे.
तिथला तो आंधळा डाग
माझा.
अबू फैसलने सात दिनार कापले,
पुढचा भाडेकरू वर्षभर पुसत राहिला.

झुरळांचं वेगळं.
बोरिक पावडर, कणीक, साखर, कांद्याचा रस,
वाटाण्याएवढ्या गोळ्या, फ्रिजच्या मागे,
लहान मूल असलं त्या घरात एकही नाही.
या औषधाला घाई नसते.
झुरळ खातं, निवांत घरी जातं,
पायाला लागलेलं घरच्यांना नेऊन देतं.
काय म्हणणार आहेस ते मला कळलंय.
बोलू नकोस.

हातमोजे घाल. कंपनी देत नाही, तरी घाल.
कार्डाच्या नूतनीकरणाला मी अंगठा ठेवला
आणि मशीन म्हणालं, पुन्हा.
पुन्हा. पुन्हा.
काउंटरवरची बाई फार सभ्य.
तिने माझा हात उताणा धरून पाहिला,
कोऱ्या वहीसारखा,
आणि दुसरं बोट विचारलं.
तेव्हापासून खिशात खोबरेल ठेवतो.
अजून रेघा उगवल्या नाहीत.

राहिलं चौदा नंबरचं न्हाणीघर.
एकोणीस वर्षं राहून गेली माणसं,
डिपॉझिटचा हिशोब लागायचाय.
आरशाशेजारच्या टाइलवर तुला
टिकल्या दिसतील. मरून, एक हिरवी,
आंघोळीला जाताना काढून लावलेल्या,
परत घ्यायच्या राहिलेल्या.
काल मी अ‍ॅसिड लावून पाहिलं.
त्यांच्या भोवतीचा सगळा क्षार गेला,
टाइल नव्यासारखी झाली,
त्या तशाच.
गोंदाला अ‍ॅसिड लागत नाही, अश्रफ.
त्याला तेल लागतं.

तेल माझ्या खिशात होतं.
मी अबू फैसलला फोन करून सांगितलं,
निघत नाहीत.