प्रतीक्षा यादी, क्रमांक एक

सोडतीत आमचं नाव लागलं नाही.
लागलं ते त्याच्याखाली,
जिथे पडद्यावरची अक्षरं बारीक होतात:
प्रतीक्षा यादी, क्रमांक एक.
हे म्हणाले, नापास नाही गं,
एटीकेटी आहे.

तेवढ्यावर चाळीत पेढे वाटले,
अर्धा किलो, उधारीवर,
कारण अनामत रक्कम अजून अडकलेली,
आणि ती तरी आपली कुठे होती;
भावोजींचे दहा, पतपेढीचे पंधरा,
बाकी माझ्या डब्यातले,
एकशे सत्तर साड्यांच्या पिको-फॉलचे.

विक्रोळी, तिसरा मजला, दोनशे एकोणसत्तर चौरस फूट.
समिधाने खडूने लादीवर आखून बघितलं
तर रेघ मांजरेकरांच्या उंबऱ्यात गेली.
मांजरेकर पाय वर घेऊन बसले.
आखा, आखा, म्हणाले, तेवढीच मोकळी हवा.

आता सगळं एका बाईवर.
तोडणकर मनोरमा भिकाजी.
तिची पडताळणी फसली, की घर आमचं.
हे खिडकीतला माणूस म्हणाला,
आणि मान खाली घालून पुढचं,
बाईचा अंगठा उमटत नाहीये.
गुरुवारी शेवटची तारीख.

शनिवारी मारुतीला तेल घातलं
तेव्हा तोंडातल्या तोंडात म्हटलं,
कुणाचं वाईट कर असं नाही रे,
फक्त एक अंगठा
आहे तसा राहू दे.

रविवारी हे म्हणाले, बघून तर येऊ.
काय बघून येऊ, ते त्यांनाही सांगता येईना.
इस्त्रीचा शर्ट घातला,
स्थळ बघायला निघाल्यासारखा.

भाऊच्या धक्क्यावर, बर्फाच्या लाद्यांआड,
ती पाटावर बसलेली,
समोर कोळंबीचा ढीग.
डोकं मोडायचं, साल ओढायची, धागा काढायचा,
पहाटे चारपासून.
तिला आम्ही गिऱ्हाईक वाटलो.
ह्यांनी गोंधळून अर्धा किलो घेतली.

वजन करता करता तीच सुरू झाली,
घर लागलंय हो मला!
पण मशीन म्हणतं, ही ती बाई नाहीच.
तळवे पुढे केले.
बावीस वर्षं मीठ, बर्फ, काटे;
बोटं गुळगुळीत, घासलेल्या वाटीच्या बुडासारखी.
म्हणाली, हात बघणारा पण म्हणाला,
मावशी, बघू कशात?

हे माझ्याकडे बघत होते.
मी कोळंबीकडे.

सुईने माझाही अंगठा चाळणी झालेला.
रेशनच्या मशीनवर चार महिने
मीही कुणी नव्हते.
काय करायचं ते मला ठाऊक होतं.
आणि गप्प बसायला
फक्त गप्प बसायचं होतं.

आदल्या दिवशी कामाला जाऊ नका, माझं तोंड म्हणालं,
रात्री खोबरेल चोळा,
सकाळी कोमट पाण्यात बुडवून धरा,
पुसा, पण पदराला नको, सुती रुमालाला.
आणि अंगठ्याचा हट्ट सोडा.
करंगळी पुढे करा.
करंगळीच्या वाट्याला काम कमी येतं.

तिने मूठभर कोळंबी वर घातली.

परतताना डॉकयार्डपर्यंत
हे एक शब्द बोलले नाहीत.
पिशवी गळत होती, माझ्या चपलेवर.
पुलाखाली थांबून विचारलं,
कुठली करंगळी सांगितलीस?
दोन्ही, म्हटलं.
दोन्ही, म्हणाले,
आणि हसायला लागले, खांबाला धरून,
इतकं, की चणेवाल्याने पाणी आणून दिलं.

रात्री कोळंबीचं कालवण.
मांजरेकरांना वाटीभर.
जेवणं झाल्यावर समिधा ओलं फडकं घेऊन
खडूची रेघ पुसायला बसली.
मी म्हटलं, राहू दे गं,
गुरुवार जायचाय अजून.